नाशवंत सांगावा

प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणारी जेल कुमासीच्या निळ्या रंगात बुडवली, की थोड्या वेळात प्रथिनांच्या पट्ट्या एकेक करून उमटू लागतात. चित्र देखणं दिसतं. पण ज्याच्यासाठी दोन दिवस खपलो तो फॉस्फेट तेवढ्यात सुटून पाण्यात गेलेला असतो. कुमासीच्या द्रावणात साधारण दहा टक्के ॲसेटिक आम्ल असतं, आणि हिस्टिडीन या अमिनो आम्लावर बसलेल्या फॉस्फेटला आम्ल अजिबात सोसत नाही. जिवाणूच्या पेशीत निरोप म्हणून फिरतो तो हाच फॉस्फेट. प्रथिन जागच्या जागी, निरोप गायब. रोगकारक जिवाणूंच्या संदेशवाहक प्रथिनांवर काम करायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला अशी एक जेल येतेच.

निरोपाला मराठीत ‘सांगावा’ असा एक जुना शब्द आहे. पत्र ट्रंकेत जपून ठेवता येतं, सांगावा ठेवता येत नाही. बाजाराला निघालेल्या कुणाच्या तरी तोंडी तो धाडायचा. त्याने तो पोचवला, की त्याचं काम संपलं आणि सांगाव्याचंही. जिवाणूच्या पेशीत चालतो तो हाच प्रकार. तिथला फॉस्फेट टिकावा अशी कुणाची इच्छाच नसते. टिकला तर उलट पंचाईत, कारण परिस्थिती पालटल्यावरही पेशी जुन्याच बातमीवर वागत राहील. म्हणून तो नाशवंत ठेवलेला आहे. आणि त्याच कारणाने त्याचा अभ्यास करणाऱ्याचे हाल होतात.

क्षयाच्या जंतूचंच घ्या. रॉबर्ट कोखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जगासमोर मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना नव्याने क्षय झाला, आणि त्यातले सुमारे २६ टक्के भारतातले होते. हा जंतू फुप्फुसात शिरला, की शरीराच्या पेशी त्याच्याभोवती गाठ बांधतात. गाठीच्या पोटात ऑक्सिजन तुटपुंजा. जंतू तिथे मरत नाही. वाढ थांबवतो, खर्च कमी करतो आणि वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. ऑक्सिजन कमी झाला हे त्याला सांगतं कोण, हा खरा प्रश्न.

सांगणारी जोडी आहे डेव्ह-एस आणि डेव्ह-आर. डेव्ह-एस हा कान. ऑक्सिजन घटला की ते एटीपी या पेशीच्या ऊर्जेच्या रेणूतला एक फॉस्फेट उचलून स्वतःच्याच ३९५व्या अमिनो आम्लावर, म्हणजे एका हिस्टिडीनवर, ठेवतं. डेव्ह-आर जवळ आलं की त्याच्या ५४व्या जागेवरचं ॲस्पार्टिक आम्ल तो फॉस्फेट काढून घेतं. मग डेव्ह-आरचं रूप पालटतं, ते डीएनएवरच्या वीस अक्षरांच्या ठरावीक खुणेला धरतं आणि जवळपास पन्नास जनुकं चालू होतात. वाचायला इतकं सोपं, की यात अभ्यासण्यासारखं काय आहे असं वाटावं.

नावाबद्दल थोडं. ही जोडी दिल्लीच्या एम्समध्ये जया त्यागी यांच्या गटाला सापडली आणि २००० साली प्रसिद्ध झाली. ती शोधण्याची रीत सुरेख होती. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या सॅरानॅक लेकच्या सॅनेटोरियममध्ये एका रुग्णाकडून एच३७ हा वाण मिळाला होता. तिथेच पुढे १९३०च्या दशकात त्याच्या दोन शाखा वेगळ्या केल्या गेल्या: आजार करणारी एच३७आरव्ही आणि निरुपद्रवी झालेली एच३७आरए. दोघींमध्ये चालू असलेल्या जनुकांची वजाबाकी केली, तेव्हा आजार करणाऱ्या शाखेत जास्त बोलणारी जी जनुकं उरली त्यांत ही होती. ‘रोगकारक वाणात वेगळी व्यक्त होणारी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं म्हणजे ‘डेव्ह’. मराठी डोळा तिथे ‘देव’ वाचणारच, त्याला इलाज नाही. परदेशी शोधनिबंधांत हीच जोडी डॉस-एस आणि डॉस-आर म्हणून भेटते, आणि नवा विद्यार्थी पहिले दोन महिने ही चार वेगवेगळी प्रथिनं समजून चालतो.

आता कामाला लागायचं, तर आधी प्रथिन हातात हवं. त्यासाठी त्याच्या जनुकाच्या प्रती पीसीआरने काढायच्या. पण क्षयाच्या जंतूच्या डीएनएत जी आणि सी या घट्ट धरून बसणाऱ्या अक्षरांचं प्रमाण ६५ टक्क्यांहून जास्त असल्याने डीएनएचे दोन धागे सुटे होता होत नाहीत. पाच टक्के डीएमएसओ हे द्रावक घातलं की बहुतेक वेळा काम भागतं. जनुक ई. कोलाय या जिवाणूमध्ये घालून, वाढ (गढूळपणावरून मोजलेली) ०.६ ओडीच्या आसपास आली की जनुक चालू करणारं आयपीटीजी द्यायचं. इथे घाई नडते. ३७ अंशांवर १ मिलिमोलर दिलं तर तीन तासांत प्रथिन भरपूर बनतं, पण बरंचसं गोळे होऊन तळाशी बसतं. १६ ते १८ अंशांवर ०.१ ते ०.२ मिलिमोलर देऊन रात्रभर ठेवलं तर कमी बनतं, पण विरघळलेलं मिळतं. गोळे ८ मोलर युरियात सोडवून पुन्हा घडी घालण्याचा मोह होतो. डेव्ह-आरसारखं छोटं प्रथिन त्यातून कधी कधी सावरतं. कायनेज, म्हणजे डेव्ह-एससारखं फॉस्फेट चढवणारं प्रथिन, मात्र दिसायला शुद्ध आणि वागायला मेलेलं निघण्याचीच शक्यता जास्त.

पूर्ण डेव्ह-एस ५७८ अमिनो आम्लांचं आहे. ते त्रासदायक म्हणून अनेकदा फक्त मागचा दोनेकशे आम्लांचा तुकडा बनवतात. त्यात हिस्टिडीन आहे, एटीपी धरणारा भाग आहे, फॉस्फेट चढतो आणि पुढे जातोही. पण हा कान कापलेला निरोप्या. ऑक्सिजन असो वा नसो, तो बोलतच राहतो. फॉस्फेट कुठून कुठे जातो एवढंच विचारायचं असेल तर तुकडा पुरेसा आहे. ‘कशामुळे’ हे विचारायचं असेल तर त्याच्याकडे उत्तर नाही. या दोन प्रश्नांची गल्लत केलेले निष्कर्ष अधूनमधून छापलेही जातात.

हिस्टिडीनची शेपटी जोडलेलं प्रथिन निकेलच्या स्तंभावर धरताना धुण्याला २० ते ४० आणि उतरवण्याला २५० मिलिमोलर इमिडाझोल (निकेलवरची पकड सोडवणारा पदार्थ), ही नेहमीची रीत. सापळा असा, की ई. कोलायचं स्वतःचं स्लाय-डी नावाचं हिस्टिडीनने भरलेलं प्रथिन निकेलला चिकटतं आणि जेलवर पंचवीस किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं माप) च्या आसपास दिसतं. डेव्ह-आर तेवीसचं. प्रथिन कमी बनलं असेल तर स्लाय-डीलाच डेव्ह-आर समजून आठवडाभर प्रयोग करता येतात. उतरवलेल्या प्रथिनातून इमिडाझोल डायलिसिसने काढायचं, ग्लिसरॉल घालायचं, वीस-वीस मायक्रोलिटरच्या वाटण्या करून उणे ८० अंशांवर ठेवायच्या आणि वितळलेली वाटणी पुन्हा गोठवायची नाही. उरलेलं टाकून देताना जीव तुटतो, पण दोनदा गोठवलेल्या कायनेजची पट्टी फिकी आली की दोष कुणाला द्यायचा ते कळत नाही.

मग मुख्य प्रयोग. ट्रिस बफर ५० मिलिमोलर, पीएच ८; पोटॅशियम क्लोराइड ५०; मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर. डेव्ह-एस दोन ते पाच मायक्रोमोलर. एटीपी ५० मायक्रोमोलर, आणि त्यात टोकाच्या फॉस्फेटवर फॉस्फरस-३२ असलेलं किरणोत्सारी एटीपी सुमारे एक मायक्रोक्युरी. तापमान २५ अंश. मॅग्नेशियम विसरलं तर काहीच घडत नाही, आणि प्रथिनाच्या साठवणुकीच्या बफरमध्ये ईडीटीए हे धातू धरून ठेवणारं रसायन राहून गेलं असेल तरीही घडत नाही, कारण ते सगळं मॅग्नेशियम खिशात घालून बसतं. दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण वहीत मॅग्नेशियम लिहिलेलं असतं.

भारतातल्या कित्येक प्रयोगशाळांनी हे किरणोत्सारी एटीपी ‘ब्रिट’ या किरणोत्सारी पदार्थ पुरवणाऱ्या सरकारी मंडळाच्या हैदराबादच्या केंद्रातून मागवलेलं आहे. ‘ब्रिट’चं मुख्य ठाणं नवी मुंबईत वाशीला. फॉस्फरस-३२चं अर्धायुष्य १४.३ दिवस. म्हणजे डबा आला त्या दिवशी प्रथिन तयार नसेल, तर पंधरवड्यात अर्धा माल वाया. प्रथिन आधी, मागणी नंतर. हा क्रम उलटा करणारे हिरमुसतात. आडोशाला एक सेंटिमीटर जाडीचं ॲक्रिलिक लावायचं, थेट शिसं नाही. हे बीटा कण शिशावर आदळले की क्ष-किरण निघतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मोजणी यंत्र बाकावर चालू ठेवायचं, छातीवर अंगावर पडलेला किरणोत्सार नोंदणारा टीएलडीचा बिल्ला, आणि हातमोजे वाटतात त्याहून जास्त वेळा बदलायचे.

ठरल्या वेळी दहा-दहा मायक्रोलिटर काढून एसडीएस (प्रथिनं उलगडणारं साबणी रसायन) आणि ईडीटीए असलेल्या थांबवणाऱ्या द्रावणात टाकायचे. आणि उकळायचे नाहीत. प्रथिनाचा नमुना म्हटला की ९५ अंशांवर पाच मिनिटं, हे हाताला इतकं वळण पडलेलं असतं, की नळ्या आपोआप गरम ठोकळ्याकडे जातात. तेवढ्यात निरोपाचा मोठा भाग उतरून जातो. न उकळलेले नमुने लगेच पंधरा टक्के जेलवर चढवायचे. उद्यासाठी ठेवायचे नाहीत. धावणारा निळा रंग तळाशी पोचायच्या आधी जेल थांबवायची आणि ती पुढची कड पात्याने कापून वेगळी काढायची, कारण न वापरलेलं एटीपी तिथे असतं. खाली उतरू दिलं तर टाकीतलं सगळं बफर किरणोत्सारी होतं. जेल आम्लात स्थिर न करता, ओलीच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून किरणोत्सार टिपणाऱ्या स्क्रीनवर रात्रभर ठेवायची. प्रतिमा हाती आली की मग खुशाल कुमासी. तेव्हा ती उपयोगाचीच असते: प्रत्येक खाचेत प्रथिन सारखं होतं का, हे तीच सांगते.

फॉस्फेट नेमका कशावर बसला आहे याचा निवाडा करायला हाच नाजूकपणा उपयोगी पडतो. प्रथिनं जेलमधून पातळ पडद्यावर उतरवून त्याची एक पट्टी आम्लात ठेवायची, एक अल्कलीत. हिस्टिडीनवरचा फॉस्फेट आम्लात जातो, अल्कलीत राहतो. ॲस्पार्टिकवरचा दोन्हीकडे जातो. सेरीन आणि थ्रिओनीनवरचा आम्लात पक्का, अल्कलीत ढिला. ही परीक्षा जुनी आणि स्वस्त आहे, आणि महागड्या यंत्राने अर्धवट दिलेल्या उत्तरापेक्षा कित्येकदा जास्त खरी. रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या नेहमीच्या तयारीत नमुना आम्लातूनच जातो. तिथे हिस्टिडीनचा फॉस्फेट दिसला नाही, यावरून तो नव्हता असं म्हणता येत नाही.

सोबत दोन मुके नमुने हवेतच: ३९५व्या जागचं हिस्टिडीन बदललेलं डेव्ह-एस आणि ५४व्या जागचं ॲस्पार्टिक बदललेलं डेव्ह-आर. त्यांच्यावरही चमक आली तर ती दुसऱ्या कुठल्या कायनेजची घाण आहे, किंवा एटीपीच नुसतं चिकटलं आहे.

फॉस्फेट एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो तो टप्पा वाचणं सगळ्यात कठीण. डेव्ह-एसवर तासभर फॉस्फेट चढवायचा, उरलेलं एटीपी छोट्या स्तंभातून गाळून काढायचं, मग डेव्ह-आर घालायचं. एटीपी काढलं नाही तर डेव्ह-एस रिकामं होतं आणि पुन्हा भरतं, आणि चित्रात काहीच बदललेलं दिसत नाही. कधी असं दिसतं, की डेव्ह-एसची पट्टी अर्ध्या मिनिटात फिकी झाली, पण डेव्ह-आरची पट्टी उमटलीच नाही. नवखा म्हणतो, फॉस्फेट गेला नाही. पण गेला नसता तर डेव्ह-एस फिकं का झालं? तो गेला आणि तिथूनही निसटला, ही शक्यता मोठी आहे. डेव्ह-एस दुतोंडी आहे: परिस्थितीप्रमाणे ते फॉस्फेट चढवतंही आणि डेव्ह-आरवरचा उतरवतंही. सुटा झालेला फॉस्फेट पीईआय-सेल्युलोजच्या पत्र्यावर वेगळा दाखवता येतो. शिवाय प्रत्येक प्रथिनाची स्मरणशक्ती वेगळी. ई. कोलायच्या पोहण्याची दिशा ठरवणाऱ्या ची-वायवरचा फॉस्फेट काही सेकंदांत अर्धा होतो, तर व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमधल्या व्हॅन-आरवरचा तासन्‌तास टिकतो. दोघांच्या नळ्या एकाच घड्याळावर काढल्या तर एकाच्या बाबतीत नक्की चूक होणार.

आणि नळीत कुणीही कुणाशी बोलतं. भरपूर प्रथिन, भरपूर वेळ आणि मध्ये भिंत नाही म्हटल्यावर परक्या जोडीतलं कायनेजही डेव्ह-आरवर फॉस्फेट टाकू शकतं. लग्नाच्या मांडवात शेजारी बसवलेले दोन अनोळखी पाहुणे तासाभराने बोलणारच. त्यावरून सोयरीक ठरत नाही. म्हणून पहिल्या मिनिटातलं बघायचं. स्वतःचा जोडीदार काही सेकंदांत फॉस्फेट घेतो, परका घेतो तो अर्ध्या-पाऊण तासाने. पण सगळ्याच परक्या गप्पा खोट्या म्हणून उडवून देणंही बरोबर नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने क्षयाच्या जंतूतली कायनेजं आणि त्यांचे घेणारे जोडून पाहिले, त्यांचं काम २०१५ मध्ये आलं, आणि त्यात जोडीबाहेरचं बोलणं अपेक्षेपेक्षा बरंच जास्त निघालं. पेशीच्या आत यातलं किती चालतं, हे नळी सांगू शकत नाही. तिथे दोन्ही प्रथिनांच्या प्रती मोजक्या असतात आणि डेव्ह-एस चढवण्याबरोबर उतरवायलाही हजर असतं.

किरणोत्सार नको असेल तर फॉस-टॅग आहे. हिरोशिमा विद्यापीठातून आलेला हा रेणू जेलमध्येच मिसळतात. तो मँगनीज किंवा झिंक धरून ठेवतो आणि फॉस्फेट असलेल्या प्रथिनाला जाता जाता अडवतो, त्यामुळे फॉस्फेटवालं प्रथिन मागे पडतं आणि दोन पट्ट्या दिसतात. साधारण ५० मायक्रोमोलर फॉस-टॅग, त्याच्या दुप्पट मँगनीज, कमी विद्युतप्रवाह आणि जेल थंड खोलीत. मात्र इथे आधीच्या प्रयोगातली सवय आडवी येते. तिथे ईडीटीए तारणहार होतं. इथे नमुन्यात ईडीटीए गेलं तर ते मँगनीज ओढून घेतं आणि शेजारच्या दोन-तीन खाचांतल्याही पट्ट्या वाकड्या होतात. वजनाच्या खुणांसाठी चढवायच्या कित्येक रंगीत मार्करांतही ईडीटीए असतं. तो चढवायचा तर मध्ये एक खाच रिकामी सोडून. आणि पडद्यावर उतरवायच्या आधी मात्र जेल ईडीटीएच्या बफरमध्येच धुवावी लागते, नाहीतर प्रथिन जेलमधून सुटत नाही. एकच पदार्थ आधी विष, नंतर औषध.

फॉस-टॅगचा खरा उपयोग वेगळाच आहे: किती टक्के प्रथिनावर फॉस्फेट चढला हे तो दाखवतो. किरणोत्सारी पट्टी कितीही ठसठशीत असली तरी ती शंभरातल्या दोघांची असू शकते. हा आकडा कळला की पुढच्या प्रयोगांत आपण किती फुशारकी मारायची ते ठरतं.

वर आम्लाची परीक्षा सांगितली, तिच्यात एक गंमत दडलेली आहे. क्षयाच्या जंतूकडे हिस्टिडीन-ॲस्पार्टिक अशा जोड्या डझनभरच, ई. कोलायकडे त्या तीसेक आहेत. पण सेरीन आणि थ्रिओनीनवर फॉस्फेट ठेवणारी, आपल्या पेशींतल्यासारखी कायनेजं त्याच्याकडे अकरा आहेत, आणि जिवाणूच्या मानाने हे फारच झाले. त्यातलं पीकेएन-बी वाढीसाठी अत्यावश्यक आहे. पीकेएन-जी आपल्या भक्षक पेशीच्या आत जाऊन जंतूला पचवण्याचं काम अडवतं. आणि पीकेएन-एच चक्क डेव्ह-आरच्याच दोन थ्रिओनीनवर, १९८ आणि २०५व्या जागी, फॉस्फेट ठेवतं. म्हणजे एकाच निरोप्याच्या हाती दोन घरांचे सांगावे: एक क्षणात विरणारा, दुसरा आम्लातही टिकणारा. डेव्ह-आर पेशीतून काढून कुमासीनंतरही फॉस्फेट दिसला, तर तो डेव्ह-एसचा नाही, हे समजायला आधी ती बिघडलेली जेल उपयोगी पडते.

आता कानाकडे वळू. पूर्ण डेव्ह-एसच्या पोटात हीम हा लोह असलेला रेणू असतो, रक्तातल्यासारखाच. म्हणून शुद्ध केलेलं प्रथिन लालसर-तपकिरी दिसायला हवं. फिकं पिवळं निघालं तर समजायचं, की ई. कोलायला हीम पुरलं नाही. वाढीच्या वेळी डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल घातलं की ही उणीव भरून निघते. डेव्ह-एसला डॉस-टी नावाचं भावंड आहे, तेही हीमवालं, तेही डेव्ह-आरशीच बोलतं. डॉस-टी ऑक्सिजन लवकर सोडतं, म्हणून ऑक्सिजन घटू लागला की आधी ते बोलतं. डेव्ह-एस मागाहून आणि जास्त काळ. डेव्ह-एस नेमकं काय ऐकतं यावर मात्र २००७च्या सुमारास सरळ दोन तट पडले. एका गटाच्या हाती त्याच्या हीममधलं लोह हवेत पटकन गंजायचं, म्हणून त्यांनी त्याला पेशीची रेडॉक्स स्थिती (ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांचा तोल) ओळखणारं ठरवलं. दुसऱ्या गटाच्या हाती ऑक्सिजन धरलेलं रूप स्थिर राहायचं, म्हणून त्यांच्या मते ते सरळ ऑक्सिजन ओळखणारं. अशा वादांत बफर, तुकड्याची लांबी, ऑक्सिजन काढून टाकायला घातलेलं डायथायोनाइट काढताना किती हवा लागली, असल्या गोष्टी मताइतक्याच महत्त्वाच्या असतात. चारशे नॅनोमीटरच्या आसपासचं हीमचं शिखर प्रयोगाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजलं नसेल, तर कुठल्याच बाजूने फार जोरात बोलू नये.

नळीतून पेशीत गेलं की वेळेचं मापच बदलतं. तिथे सेकंद मोजत होतो. इथे जंतू दुप्पट व्हायलाच वीस-चोवीस तास लागतात आणि थाळीवर वसाहत दिसायला तीन ते चार आठवडे. रोगकारक एच३७आरव्हीला जैवसुरक्षा पातळी तीनची प्रयोगशाळा लागते, म्हणून सराव मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर करतात, जो तीनेक तासांत दुप्पट होतो. जंतूचं मेणचट अंग एकमेकांना चिकटतं, त्यासाठी माध्यमात ट्वीन-८० हे साबणी रसायन ०.०५ टक्के घालायचं. तरी गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आत ऑक्सिजन बाहेरच्यापेक्षा कमी असतो. माध्यमातलं अल्ब्युमिन नीट धुतलं नाही तर जेलवर सहासष्ट किलोडाल्टनला जाडजूड पट्टा येतो आणि आजूबाजूचं सगळं झाकून टाकतो.

ऑक्सिजन हळूहळू संपवण्याची प्रमाण रीत लॉरेन्स वेन यांची, १९९६ मध्ये हेज यांच्यासह प्रसिद्ध झालेली. काचेची नळी, तिच्यात १७ मिलिलिटर माध्यम, वर रिकामी जागा माध्यमाच्या बरोबर निम्मी, झाकण हवाबंद, आत छोटी ढवळकांडी, वेग मिनिटाला १२० फेरे. जंतू वाढतो, आतला ऑक्सिजन खातो आणि स्वतःच्याच हाताने दुष्काळ आणतो. ऑक्सिजन एक टक्का संपृक्ततेपर्यंत आला की वाढ थांबते, ०.०६ टक्क्यांवर जंतू दुसऱ्या, आणखी खोल अवस्थेत जातो. एका नळीत मेथिलीन ब्लू मिलिलिटरला दीड मायक्रोग्रॅम घालून ठेवायचं. निळा रंग उडाला की ऑक्सिजन जवळपास संपला. दिसायला पोरखेळ, पण रिकाम्या जागेचं प्रमाण नळीवर लिहिलेल्या आकारमानावरून काढलं की चुकतं. नळी काठोकाठ पाण्याने भरून ते पाणी मोजावं लागतं. ढवळणं जोरात झालं किंवा सुरुवातीचे जंतू कमी-जास्त पडले, तर सगळं वेळापत्रक दिवसांनी सरकतं. आणि रबरी झाकणाला दोनदा सुई टोचली, की त्या नळीतून हवा येत नाही यावर विश्वास ठेवायचा नाही.

याची उलटी फसगतही आहे. ‘भरपूर ऑक्सिजन’ म्हणून ठेवलेला तुलनेचा फ्लास्क शेकरवरून काढून तास-दोन तास बाकावर विसरला, तर दाट वाढीतला ऑक्सिजन खाली संपतो आणि डेव्ह-आरची जनुकं तिथेही जागी होतात. मग फरक दिसत नाही आणि माणूस जनुकाला दोष देतो.

नमुना घेणं म्हणजे तर चोरी पकडणं. झाकण उघडलं की ऑक्सिजन आत येतो, कान गप्प होतात, सांगावा विरतो. म्हणून आरएनएसाठी चौपट आकारमानाचं ग्वानिडीन थायोसायनेट, जे पेशीतलं सगळं जागच्या जागी थांबवतं, उघडताक्षणी ओतायचं, सेंट्रिफ्यूजची वाट न बघता. हिरव्या चमकणाऱ्या जीएफपी या प्रथिनाचा मार्ग अनेकांना सुटसुटीत वाटतो: डेव्ह-आरने चालू होणाऱ्या एचएसपी-एक्स या जनुकाच्या प्रमोटरपुढे, म्हणजे ते चालू करणाऱ्या कळीपुढे, जीएफपी लावायचं आणि ऑक्सिजन घटला की हिरवा उजेड बघायचा. पण जीएफपीचा रंगकण पक्व व्हायलाच ऑक्सिजन लागतो. ज्या क्षणी प्रमोटर सगळ्यात जोरात चालू, नेमका त्याच क्षणी दिवा बंद. प्रथिननिर्मिती थांबवणारं प्रतिजैविक आधी घालून मग हवा द्यायची, म्हणजे अंधारात बनलेलं जीएफपी उजळतं आणि नवं बनत नाही, हा एक तोडगा. नाहीतर सरळ आरएनए मोजावा.

जनुक काढून टाकून बघू म्हणणाऱ्यांसाठी एकच सूचना: डेव्ह-आर, डेव्ह-एस आणि त्यांच्या आधी येणारं आरव्ही३१३४सी ही तिन्ही जनुकं एका माळेत आहेत. मधलं ओढलं की पुढचंही हलतं, आणि परत घालताना मूळ प्रमोटर सोबत नेला नाही तर प्रथिनाचं प्रमाण जुळत नाही. प्राण्यांतले निकाल उलटसुलट आले आहेत. डेव्ह-आर नसलेला जंतू गिनीपिगमध्ये दुबळा दिसला, एका उंदरांवरच्या अभ्यासात उलट जास्त आक्रमक. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या उंदराच्या फुप्फुसातल्या गाठींत ऑक्सिजन तितका कमी होतच नाही. गिनीपिग, ससा आणि माकडात होतो. जिथे दुष्काळच नाही तिथे दुष्काळाची दवंडी कुणाला ऐकू जाणार?

औषधांचं स्वप्न मोठं आहे. हिस्टिडीनवर चालणाऱ्या या जोड्या माणसात नाहीत, म्हणून त्यांना अडवणारा रेणू आपल्याला इजा करणार नाही, असा हिशेब. त्यात एक मेख: या कायनेजांचा एटीपी धरणारा खळगा आपल्या पेशींतल्या एचएसपी-९० या प्रथिनाच्या खळग्याशी मिळताजुळता आहे. आणि सुरुवातीच्या काळात सापडलेले बरेच ‘प्रतिबंधक’ खरं तर प्रथिनाचे गोळे करत होते. नळीत ट्रायटन एक्स-१०० हे साबणी रसायन ०.०१ टक्के घालून पुन्हा बघायचं. परिणाम नाहीसा झाला तर औषध नव्हे, तो चिकटपणा होता. दहा रुपयांची ही चाचणी आधी केली असती तर कित्येक वर्षं वाचली असती. मलेरियावरचं औषध आर्टेमिसिनिन डेव्ह-एस आणि डॉस-टीच्या हीमलाच बिघडवतं, हे अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं. तिथे निशाणा एटीपीचा खळगा नसून कान होता, आणि ही कल्पना मला जास्त पटते. दुसरी एक जोडी, फो-पी आणि फो-आर, वेगळ्याच वाटेने उपयोगी पडली: फो-पी आणि आणखी एक जनुक काढून दुबळा केलेला जंतू एमटीबीव्हॅक ही लस म्हणून पुढे आला. स्पेनच्या सारागोसा विद्यापीठात ती घडली आणि २०२४ मध्ये तिच्या चाचण्या भारतातही सुरू झाल्या. एच३७आरए निरुपद्रवी का, याच्या उत्तरातही फो-पीमधल्या एका बदललेल्या अमिनो आम्लाचा मोठा वाटा निघाला. २१९व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन.

प्रयोग संपला की कापलेली जेलची कड, टोकं, हातमोजे, पहिलं धुणं हे सगळं ॲक्रिलिकच्या डब्यात जातं आणि डब्यावर तारीख पडते. दहा अर्धायुष्यं थांबायचा रिवाज आहे, म्हणजे १४३ दिवस. १ जूनला भरलेला डबा २२ ऑक्टोबरला मोजणी यंत्राखाली धरायचा, आकडा आजूबाजूच्या खोलीइतकाच आला की चिठ्ठी खरवडून कचऱ्यात.

त्याच १ जूनला थाळीवर पसरलेल्या जंतूच्या वसाहती जूनअखेर दिसू लागलेल्या असतात.